चौतीस इंचांची फळी

शहापूरला आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर बरीच वर्षं भाड्याने राहिलो, त्या घरमालकांनी फ्रिज घेण्याआधी प्लायवुडचा फ्रिज केला होता. दुकानातल्या फ्रिजची उंची, रुंदी, खोली मापून आणली, त्या मापाचं खोकं बनवलं, त्याला बिजागऱ्यांवर दार बसवलं आणि ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दुधाचं पातेलं रोज त्यात ठेवायचं आणि त्यातून काढायचं, असा नियम झाला. दूध अर्थातच नासायचं. पण दार पूर्ण उघडलं की ओट्याच्या कोपऱ्याला आपटतं, हे त्यामुळे समजलं, आणि मालकांनी दुसऱ्या बाजूला उघडणाऱ्या दाराचा फ्रिज आणला.

"बघा," मला म्हणाले, "न बनवता घेतला असता तर जन्मभर आपटला असता."

"आन् दूध गेला तो?" काकूंनी आतून विचारलं.

"तो शिकन्याचा दूध होता."

मालक शाळेत मुलांना सुतारकाम शिकवत असत. निवृत्त झाल्यावर शिकवायला मुलं उरली नाहीत म्हणून ते वस्तूंना शिकवू लागले, असं काकू म्हणत. कोणतीही गोष्ट घरात येण्याआधी तिचा खऱ्या मापाचा नमुना घरात यायचा. स्कूटर घ्यायची होती तेव्हा अंगणात एक लाकडी बाक, त्याला पुढे हँडल, आणि त्यावर मालक आणि मागे एका बाजूला पाय सोडून काकू, असे दोघे संध्याकाळी बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. जाणारे-येणारे विचारायचे, "कुठं निघाले मास्तर?" मालक शांतपणे सांगायचे, "अजून नाय निघालो."

घरात नमुना न करता आलेली गोष्ट एकच, ती म्हणजे जावई.

मुलीने लग्न ठरवलं ते दक्षिण कोकणातल्या एका मुलाशी. त्याचा समुद्रकिनाऱ्यावर व्यवसाय होता. पर्यटकांना तो रुंद फळीवर उभं राहून हातातल्या लांब वल्ह्याने पाणी मारत जायला शिकवायचा, आणि ज्यांना जमेल त्यांना त्याच फळीवरून लाटेवर स्वार व्हायला शिकवायचा. मालकांना हे काम म्हणून पटेना. "लाट आली तर पगार, नाय आली तर उपास. ह्याला धंदा म्हनायचा?" लग्न झालं. पण त्याआधी घरात जी वादावादी झाली तीत मालक सगळ्यांसमोर मुलीला बोलून गेले, "तुझ्या दारात मी पाय ठेवनार नाय." मुलगी त्यांचीच. ती म्हणाली, "मग तुमी येईपर्यंत मीपन इथं येनार नाय."

राग दोघांचाही लवकरच गेला होता. फोनवर रोज गप्पा व्हायच्या. भाजी काय केली इथपासून सगळ्या. पण बोललेलं वाक्य मागे घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती. काकू एकट्या वर्षातून एकदा लेकीकडे जाऊन येत, इकडचे पापड तिकडे आणि तिकडचं कोकम इकडे करत. मग एका वर्षी त्या तिथून परतल्या त्या गुडघा धरूनच. जिन्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला एकटीला नाय जमायचा. तुमी येत नसाल तर माझापन जाना संपला."

त्यानंतर काही दिवस खालून करवतीचा आवाज आला नाही. मग एका सकाळी मालक वर आले. त्यांना एक विचारायचं होतं.

"समुद्र कोनाच्या मालकीचा असतो?"

मी म्हटलं, "सरकारचा असावा."

"जावयाचा नाय ना?"

"नाही."

"मंग झाला. मी समुद्रावर जानार. लाटेवर उभा रायचा शिकनार. त्याला फळी लागंल. ती आधी निवडू."

म्हणजे मार्ग सापडला होता. दारात पाय ठेवायचा नाही, पण दारासमोरच्या समुद्रात ठेवायला हरकत नव्हती. काकूंना सोबत होईल, मुलगी वाळूवर येऊन भेटेल आणि शब्दही राहील. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. डोक्याखाली उशी घेऊन झोपायचा तर उशीचापन नमुना करनारा मानूस हा. निदान निघाला तर खरा."

फळी निवडण्याचं काम फोनवरून सुरू झालं. मला आकड्यांची आवड असल्यामुळे त्या फोनच्या वेळी मला मुद्दाम खाली बोलावलं जाई. मालक जावयाशी बोलत नसत. जावई मुलीच्या शेजारीच बसलेला असे आणि फोन दोन्हीकडे मोठ्या आवाजात लावलेला असे. तरी प्रत्येक वाक्य मुलीच्या हातून जायचं.

"बाबा, हे विचारतायत, वजन किती?"

"कोनाचा?"

"तुमचा."

"त्याला सांग, बहात्तर किलो. उपाशीपोटी."

मागून जावयाचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मग दीडशे लिटरच्या आसपासचा बघायला सांग."

"दीडशे लिटरचा बघा म्हणतायत."

"मी फळी विचारतो, पान्याची टाकी नाय. सांग त्याला."

"ऐकलाय त्यांनी."

"ऐकला असंल तरी सांग."

लिटर म्हणजे त्या फळीचं, म्हणजे बोर्डाचं, आकारमान, आणि त्यावर तो किती वजन तरंगवेल ते ठरतं, हे मी मालकांना समजावलं. माणसाच्या वजनाइतके लिटर असतील तर तो जेमतेम तरंगतो. नवशिक्याला दुप्पट हवेत. जावयाचा सल्ला थोडक्यात असा होता: लाटेसाठी बोर्ड फार लांब नको, साडेनऊ फूट पुरे, कारण लांब बोर्ड सरळ धावतो पण वळत नाही. पुढचं नाक वर उचललेलं हवं, नाहीतर लाटेवरून उतरताना ते पाण्यात घुसतं. आणि रुंदी तीस इंच. त्याहून रुंद असेल तर उभं राहायला सोपं, पण लाटेवर एका कडेला झुकवायला जड.

मालकांनी लांबी मान्य केली, नाक मान्य केलं, लिटर माझ्या भरवशावर मान्य केले. रुंदीवर ते अडले. "तीस इंचावर मानूस उभा रातो? तीस इंचावर कोंबडी उभी राते."

मग अंगणात नमुने आले. प्लायवुडच्या तीन फळ्या, तीस, बत्तीस आणि चौतीस इंच रुंदीच्या, खाली रिक्षाच्या टायरच्या ट्यूब. मालक कंबरेला टॉवेल गुंडाळून, हातात बांबू धरून एकेकीवर उभे राहायचे आणि मी एका टोकाला पाय देऊन लाट व्हायचो. तीस इंचीवरून ते तुळशीच्या बाजूला पडले, बत्तीस इंचीवरून माझ्या अंगावर पडले. चौतीस इंचीवर उभे राहिले. कुंपणाबाहेरून शेजारी म्हणाले, "मास्तर, भातसा धरन फुटनार हाय का? आमाला पन सांगा, आमीपन करतो एक."

आमच्या तालुक्यात पाण्याला तोटा नाही, पण धरणांतलं पाणी मुंबईला प्यायचं आहे आणि त्यात उतरायला बंदी आहे. खरी चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्नच होता. मालकांनी तो सोडवला. "माझ्या गावाला चला. तिथं लाटेची सगळ्यात जुनी शाळा हाय."

त्यांचं गाव टोकावड्याच्या आत, डोंगराच्या बाजूला. चुलतभाऊ शेती करतात. आम्ही गेलो तेव्हा भाताच्या खाचरात चिखलणी चालली होती. नांगरून केलेला चिखल सारखा करायला बैलांच्या मागे एक लांब लाकडी फळी आडवी बांधतात आणि तिच्यावर वजनासाठी माणूस उभा राहतो. बैल चालले की फळी चिखलपाण्यावरून घसरत जाते. बाकी गावात हे काम आता पॉवर टिलर करतो. चुलतभावांकडे अजून बैल होते.

"दादा, कपडे खराब होतील," चुलतभाऊ म्हणाले.

"तू बाजूला हो. मी दहा वर्षाचा असल्यापासून ह्या फळीवर उभा हाय."

"मंग उतरला होतास कवा? शाळेत गेलास तो परत नाय आलास चिखलात!"

मालक फळीवर चढले. दोन्ही पावलं शेजारी शेजारी, टाचा रोवलेल्या, कासरा मुठीत, आणि सगळं अंग मागे झुकलेलं. बैल निघाले आणि मालकांच्या पायांखालून दोन बाजूंना पाणी उडत गेलं. खरं सांगतो, ते फार सुंदर दिसत होतं. वय कुठे दिसत नव्हतं. बांधावर ते उतरले तेव्हा पोटरीपर्यंत चिखल होता आणि चेहऱ्यावर निकाल लागलेला होता. "पावलाच्या दोनी बाजूला जागा पायजे. ही फळी आडवी असते म्हनून मानूस पडत नाय. चौतीस."

मी टेपने फळी मोजली आणि म्हटलं, हिच्या मानाने चौतीस काहीच नाही.

"बघा," मालक म्हणाले. "मी तर कमीच सांगतो."

दिवाळीनंतर, समुद्र शांत झाल्यावर, आम्ही मुंबईला एका दुकानात बोर्ड आणायला गेलो. विकणारा मुलगा शिकलेला होता आणि त्याने बरोबर प्रश्न विचारले. लाटेसाठी की सपाट पाण्यासाठी? हवा भरायचा की कडक? हवेच्या बोर्डाला मालकांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, "ज्याला खिळा लागला तर जातो, त्याच्यावर मी उभा रानार नाय."

"सर, पाण्यात खिळा कुठून येणार?"

"मी सुतार हाय. माझ्या खिशातून येतो."

कडक बोर्ड दाखवले. मालकांनी प्रत्येकावर बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, एक डोळा मिटून कड पाहिली. मुलाने विचारलं, "सर, अनुभव किती?"

"लहानपनापासून."

मुलगा एकदम आदराने वागू लागला. तरीही त्याने तीस इंचीच पुढे केला. "अनुभव आहे तर हाच घ्या." अनुभवाचा असा उलटा परिणाम होईल हे मालकांच्या लक्षात आलं नव्हतं. ते घाईने म्हणाले, "अनुभव हाय, पन ह्याच्यावर नाय." आम्ही चौतीस इंची, साडेनऊ फूट लांब, नाक उचललेला बोर्ड माझ्या गाडीच्या टपावर बांधला आणि शहापूरला आणला. घरी पोचल्यावर मालकांनी तो प्लायवुडच्या नमुन्याशेजारी ठेवून दोन्ही मोजले. दोन्ही सारखे निघाले, तेव्हा म्हणाले, "बरोबर बनवलाय कंपनीनं."

एवढं झाल्यावर खरं तर निघायचं होतं. पण मालक निघेनात. आधी वल्ह्याची उंची पसंत पडेना. मग बोर्डाचा रंग. मग म्हणाले, पाय घसरू नये म्हणून वर लावलेला रबरी थर बरोबर नाही, तो काढून मी काथ्याचा लावतो. एके दिवशी काकू जिन्यापाशी येऊन मला म्हणाल्या, "फळीची निवड कवाच झाली. ह्यांचा पाय उचलत नाय. आता तुमीच गाडी काढा." मी रजा टाकली आणि तारीख सांगितली. मालकांनी एकच अट घातली. राहायचं लॉजवर. दोन खोल्या बुक करायच्या. काकू लेकीकडे राहतील, आम्ही दोघे लॉजवर. मी खोल्या बुक केल्या.

मुलीचं घर किनाऱ्याला लागूनच होतं. सुरूची चार झाडं, मग ओटा, मग दार. काकू उतरून लंगडत आत गेल्या. मुलगी ओट्यावर आली, मालक गाडीपाशी उभे राहिले. मधे अंगण होतं. "बारीक झालीस," ते म्हणाले. "तुमीपन," ती म्हणाली. मग ते टपावरच्या दोऱ्या सोडू लागले. दुपारचं जेवण डब्यातून वाळूवर आलं. ते आम्ही सुरूखाली बसून जेवलो. मालकांनी दोनदा भात घेतला आणि डबा घासूनपुसून परत पाठवला.

जावई मुलगा काटक होता आणि कमी बोलणारा. त्याने बोर्ड पाहिला, हाताच्या वितीने रुंदी मोजली, आणि काहीच म्हणाला नाही. याचं मला कौतुक वाटलं. त्याने बोर्डाची दोरी मालकांच्या घोट्याला बांधली आणि छातीभर पाण्यात उभा राहून बोर्डाची शेपटी धरली. मी गुडघाभर पाण्यात. लाटा लहान होत्या, कंबरेइतक्या.

"काका," जावई मला म्हणाला, "बाबांना सांगा, लाट मागून लागली की एक पाय मागे घ्यायचा आणि गुडघे वाकवायचे."

मी सांगितलं.

"त्याला सांगा, मला माहीत हाय," मालक म्हणाले. दोघांच्यात दोन हातांचं अंतर होतं.

लाट आली. मालक उभे राहिले. तेवढं चौतीस इंचांचं श्रेय मान्य करायला हवं. दोन्ही पावलं शेजारी शेजारी, टाचा रोवलेल्या, अंग मागे झुकलेलं. बोर्डाची शेपटी बुडाली, नाक आकाशात गेलं, लाट त्यांच्याखालून निघून गेली आणि मालक मागच्या मागे पाण्यात बसले. पुन्हा. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी लाट त्यांना सोडून किनाऱ्याला पोचायची. ओट्यावर मायलेकी येऊन बसल्या होत्या. काकूंचा आवाज आला, "लाट परत येनार नाय, तिच्या मागं बसू नका!"

मालक बोर्डाला धरून पाण्यात उभे होते, तोंडातून खारं पाणी थुंकत, विचार करत. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"बैल मागं हायत!"

जावयाने माझ्याकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला बैल कुठून कळणार. पण मी खाचर पाहिलं होतं. तिथे ओढ पुढून असते, म्हणून माणूस मागे झुकतो, तरच तो फळीवर टिकतो. इथे ढकल मागून होती. जे अंगात मुरलेलं होतं, तेच नेमकं त्यांना पाडत होतं.

पुढच्या लाटेला मालकांनी डावा पाय मागे नेला, गुडघे मोडले आणि अंग पुढे टाकलं. बोर्ड सुटला. लाटेच्या उतरणीवर ते माझ्यासमोरून सरळ किनाऱ्याकडे निघाले, वल्हं आडवं धरलेलं, तोंड उघडं. "हॅ! हॅ!" असं बैलांना हाकताना ओरडतात तसं ओरडत होते, फक्त मान वळवून मागच्या लाटेकडे बघून. ओट्यावर मुलगी उभी राहिली आणि तिने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. वाळूजवळ आल्यावर मालकांनी आनंदात बोर्डावरून उडी मारली, आणि तिथेच उजव्या पोटरीत गोळा आला.

ते वीतभर पाण्यात आडवे पडून किंचाळले. जावई धावला, मी धावलो.

"अंगठा वर ओढ रे! वर! अरे तसा नाय, सरळ ओढ!"

जावयाने पाऊल धरून अंगठा वर ओढला आणि पोटरी दाबली. इतक्या वर्षांत मालकांनी त्याला थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

गोळा उतरला तरी पाय टेकवेना. आम्ही त्यांना बोर्डावर निजवलं, पुढचं टोक जावयाने उचललं, मागचं मी, आणि वाळूवरून निघालो. बहात्तर किलो उपाशीपोटीचे होते. त्यात भात आणि समुद्राचं पाणी मिळवावं लागेल. अंगण आलं. मला वाटलं, मालक आता थांबा म्हणतील. ते आकाशाकडे बघत पडून राहिले. ओटा चढलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात काय चाललं असावं. पाय तर आम्ही ठेवत होतो. ते नुसते आत जात होते.

आणि बोर्ड चौकटीला ठक्क करून अडला.

जावयाने जरा मागे घेऊन पुन्हा सरळ नेला. पुन्हा ठक्क. जुनं घर, जुनी चौकट. मी मागून अंदाज घेतला. आतून आत एकतीस इंच असावी. जावयाचं ऐकून तीस इंची घेतला असता तर मालक शब्द न मोडता थेट माजघरात पोचले असते.

"कलता करू का?" जावयाने विचारलं.

"मी पडंन ना," मालक म्हणाले.

मुलगी दाराच्या आत उभी होती. ती या म्हणाली नाही, नका म्हणाली नाही. काकू तिच्यामागे हातात टॉवेल घेऊन उभ्या. माझे हात भरून आले होते. मालकांनी मान वर करून चौकट पाहिली. बाजूच्या लाकडावरून हात फिरवला. मग उंबऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"खाली ठेवा," ते म्हणाले.

आम्ही बोर्ड ओट्यावर टेकवला. ते उठून बसले, चौकटीला धरून उभे राहिले, आणि दुखरा पाय आधी टाकला. मुलीने त्यांचा दंड धरला. आत जाताना ते तिला म्हणाले, "तोल गेला माझा." ती म्हणाली, "हो, दिसला ना."

मी बाहेर राहिलो. बोर्डावर वाळू होती. ती धुवायला मी नळाखाली बादली लावली. आतून चहाच्या भांड्याचा आवाज आला, काकू नाक शिंकरत होत्या, आणि मग मालकांचा आवाज, शाळेत असायचा तसा चढा: "ही चौकट कोनी बसवली रे? डाव्या बाजूला फुगलीय. रंधा हाय का घरात? नसंल तर आनून ठेव. उद्या सकाळी मी बसतो हिच्यापाशी, दोन दिवसाचा काम हाय."

जावई म्हणाला, "आणतो, बाबा."

मी बादली बाजूला ठेवली, हात पुसले आणि लॉजवर फोन लावला. म्हटलं, दोन खोल्या सांगितल्या होत्या त्यातली एक पुरे.